ग्रहीय वारे: पुस्तकातल्या तीन चक्रांपैकी मधलं चक्र खरंच फिरतं का?

दिगंत

भूगोलाच्या पुस्तकातलं एक चित्र बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पृथ्वीचा गोल, त्याच्या कडेने प्रत्येक गोलार्धात तीन-तीन बंद वळसे: विषुववृत्तालगत हॅडली, मध्ये फेरेल आणि टोकाला ध्रुवीय. ते पाहून वाटतं की ही दाते अडकवलेली तीन चाकं आहेत. कडेची दोन फिरली की मधलं आपसूक उलटं फिरणार. ही समजूत मला खटकते. मधल्या अक्षांशांत जे घडतं ते चाकासारखं अजिबात नाही, आणि वारे समजून घ्यायचे तर खरी गंमत तिथेच आहे. म्हणून हा धागा.

सुरुवात उष्णतेच्या हिशेबापासून. विषुववृत्तापासून दोन्हीकडे साधारण ३५-४० अक्षांशांपर्यंतचा पट्टा जेवढी ऊर्जा सूर्याकडून घेतो तेवढी अवकाशात परत टाकत नाही. त्यापलीकडे उलट, जमा कमी आणि खर्च जास्त. तरीही उष्ण कटिबंध वर्षागणिक तापत जात नाही आणि ध्रुव गोठत जात नाहीत, कारण ही शिल्लक हवा आणि समुद्र मिळून ध्रुवांकडे वाहून नेतात. ३५ अंशांच्या आसपास हा ओघ पाच-सहा पेटावॉटपर्यंत (एक पेटावॉट म्हणजे एकावर पंधरा शून्यं इतके वॉट) जातो. अख्ख्या मानवजातीच्या ऊर्जावापराच्या कैकशे पट. त्यातला मोठा वाटा हवेचा. ग्रहीय वारे हे या वाहतुकीचं दिसणारं रूप.

विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतले वारे एकत्र येतात, बाष्पाने भरलेली हवा वर चढते, बाष्पाचं पाणी होताना त्यातली सुप्त उष्णता बाहेर पडते आणि चढाला आणखी जोर मिळतो. पण सबंध पट्टा एकदम वर उचलला जातो असं नाही. १९५८ मध्ये रील आणि माल्कस यांनी हिशेब मांडला की कोणत्याही क्षणी १,५०० ते ५,००० उंच गडगडाटी ढग ही सगळी उष्णता वर पोचवायला पुरेसे आहेत. म्हणजे चढ अगदी थोड्या जागेत आणि जोरात, तर उतार हजारो किलोमीटर पसरलेला आणि इतका संथ की हवा दिवसाला काहीशे मीटर खाली येते.

१५-१६ किलोमीटरवर तपस्तब्धी, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराची वरची सीमा, लागली की वरची वाट बंद होते. हवा ध्रुवांकडे सरकते, ३० अंशांच्या आसपास खाली उतरते आणि उतरताना दाबली जाऊन तापते. तिच्यातलं बाष्प आधीच पाऊस होऊन गेलेलं असतं. सहारा, अरबस्तान, कलहारी, ऑस्ट्रेलियाचा मधला भाग हे सगळे या उतरत्या हवेखाली आहेत. जमिनीलगत तीच हवा विषुववृत्ताकडे परत निघते आणि वळून पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे बनते.

इथवर पुस्तक बरोबर आहे. प्रश्न असा की हवा ३० अंशांवरच का थांबते? थेट ध्रुवापर्यंत का जात नाही?

उत्तर पृथ्वीच्या परिवलनात आहे. विषुववृत्तावरची स्थिर वाटणारी हवासुद्धा पृथ्वीबरोबर सेकंदाला ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असते. ती ध्रुवाकडे निघाली की पृथ्वीच्या आसापासूनचं तिचं अंतर कमी होतं, आणि कोनीय संवेग (वस्तुमान, फिरण्याचा वेग आणि आसापासूनचं अंतर यांचा गुणाकार) कायम राहायचा तर तिचा वेग वाढलाच पाहिजे. काही अडथळा नसेल तर ३० अंशांवर पोचेपर्यंत ती जमिनीच्या तुलनेत सेकंदाला १३४ मीटर वेगाने पूर्वेकडे धावत असेल. प्रत्यक्षात तिथल्या उपोष्ण जेट प्रवाहाचा (उंचावरच्या वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्याचा) सरासरी वेग ४०-५० मीटरच भरतो. उरलेला संवेग जातो कुठे? इतका वेगवान प्रवाह टिकू शकत नाही. त्यात लाटा उठतात, भोवरे सुटतात आणि संवेग पुढे वाहून नेतात. हॅडलीचं चक्र ज्या रेषेपाशी मोडतं, तिथून मधल्या अक्षांशांचं वेगळं राज्य सुरू होतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर सविस्तर लिहितो, पोस्ट आधीच लांबली आहे.

---

प्रश्नचिन्ह

विचारतोच. पण त्याआधी एक मूलभूत शंका. उत्तर गोलार्धात वारा उजवीकडे वळतो हे पाठ आहे. उत्तर-दक्षिण जाणारी हवा का वळते ते तुमच्या वेगाच्या हिशेबातून कळतं. पण सरळ पूर्वेकडे जाणाऱ्या हवेचं काय? तिचं आसापासूनचं अंतर तर बदलत नाही, मग ती का वळावी?

---

अक्षांश

@प्रश्नचिन्ह, नेमका हाच मुद्दा जॉर्ज हॅडलीच्याही मांडणीत नव्हता.

आधी १६८६ मध्ये एडमंड हॅली यांनी व्यापारी वाऱ्यांचा नकाशा काढला. पण वारे पूर्वेकडूनच का येतात याचं कारण त्यांनी सूर्याच्या पश्चिमेकडे सरकण्यात शोधलं. १७३५ मध्ये हॅडली यांनी ते कारण पृथ्वीच्या फिरण्यात आहे असं दाखवलं. हे गृहस्थ पेशाने वकील, हवामान हा त्यांचा छंद. त्यांनी रेषीय वेग कायम धरला. तसं केलं तर ३० अंशांवर ४६५ वजा ४०३, म्हणजे सेकंदाला ६२ मीटर एवढाच फरक पडतो. कोनीय संवेग धरला की दिगंत यांनी दिलेले १३४ मीटर येतात.

आता तुमची शंका. पूर्वेकडे जाणारी हवा पृथ्वीच्या आसाभोवती जमिनीपेक्षा जास्त वेगाने फिरते. त्यामुळे तिला आसापासून बाहेर ढकलणारा केंद्रोत्सारी जोरही जमिनीपेक्षा जास्त. हा जोर आसाला काटकोनात असतो. त्याचा पृष्ठभागालगतचा घटक विषुववृत्ताच्या दिशेने पडतो. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे तोंड करून उभे राहा, विषुववृत्त उजव्या हाताला येईल. पश्चिमेकडे जाणारी हवा पृथ्वीपेक्षा हळू फिरते, म्हणून ती ध्रुवाकडे सरते, आणि तीही तिची उजवीच बाजू. म्हणजे दिशा कोणतीही असो, वळण उजवीकडेच. गास्पार कोरिऑलिस यांनी याचं गणित १८३५ मध्ये मांडलं, तेही फिरत्या यंत्रांसाठी. वाऱ्यांना ते नीट लागू केलं विल्यम फेरेल यांनी, १८५६ पासून पुढे.

विषुववृत्तावर हा पृष्ठभागालगतचा घटक शून्य होतो. म्हणूनच पाच अंशांच्या आत उष्णकटिबंधीय चक्रीवादळं जवळजवळ तयारच होत नाहीत.

---

सांजवेळ

मग बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका दिशेने आणि दक्षिणेत उलट फिरत जातं, ते खरं का? याचे व्हिडिओ सतत फिरत असतात.

---

अक्षांश

बेसिनमध्ये नाही. आकडे पाहा. ४५ अक्षांशावर सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्यावर कोरिऑलिसचा परिणाम दर सेकंदाला एक मिलिमीटर प्रतिसेकंद इतका. क्षुल्लक वाटतो, पण तासाभरात तो ३.७ मीटर प्रतिसेकंद इतका आडवा वेग देतो, आणि हवामानाच्या प्रणाली दिवसच्या दिवस चालतात. बेसिनमधलं पाणी सावकाश वाहतं आणि वीस-तीस सेकंदांत संपतं. तेवढ्यात मिळणारा आडवा वेग मिलिमीटरच्या काही दशांशांइतका. नळाच्या धारेचा राहिलेला फिरकाच तिथे दिशा ठरवतो.

परिणाम मुळात नसतो असंही नाही. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ॲशर शापिरो यांनी सुमारे सहा फूट व्यासाच्या टाकीत पाणी भरून ते २४ तास निवांत ठेवलं आणि मग तळाचं छोटं छिद्र उघडलं. पाणी घड्याळाच्या उलट दिशेने फिरलं. पुढे सिडनीत तसाच प्रयोग झाला, तिथे ते घड्याळाच्या दिशेने फिरलं. एवढी काळजी घेतली तरच.

---

शीड

या पट्ट्यांचा शोध मुळात शिडाच्या जहाजांनी लावला, तेव्हा त्यांचीही नोंद इथे हवी.

कोलंबस १४९२ मध्ये कॅनरी बेटांवरून निघाला, व्यापारी वारे पाठीशी घेऊन पश्चिमेला गेला. परतताना त्याच वाटेने आला नाही. आधी उत्तरेकडे चढला आणि पश्चिमी वारे पकडून युरोपला पोचला. पॅसिफिकमध्ये हेच कोडं जास्त अवघड होतं. मेक्सिकोहून फिलिपिन्सला जाता येई, परत येता येत नसे. १५६५ मध्ये आंद्रेस दे उर्दानेता यांच्या मार्गदर्शनाखाली जहाज उत्तरेला बरंच वर गेलं, तिथल्या पश्चिमी वाऱ्यांनी ते अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं आणि पुढची अडीचशे वर्षं स्पेनची गलबतं याच वाटेने येत-जात राहिली. वातावरणाचा कुठलाही सिद्धान्त हाताशी नसताना या लोकांनी दोन पट्ट्यांची रचना अनुभवावरून बरोबर ताडली होती. मला हे फार मोठं वाटतं.

दक्षिणेत १६११ मध्ये हेंड्रिक ब्राउवर या डच खलाशाने आफ्रिकेचं टोक ओलांडल्यावर थेट ईशान्येला वळण्याऐवजी दक्षिणेकडे उतरून गरजणाऱ्या चाळिसांचा, म्हणजे ४० अंशांपलीकडचा जोरदार पश्चिमी, वारा धरला, पूर्वेला दूरवर गेला आणि मग उत्तरेला जावाकडे वळला. प्रवासाचा काळ जवळपास निम्म्यावर आला. पण तेव्हा समुद्रात रेखांश मोजण्याची सोय नव्हती. वळायला उशीर झाला की जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळे. १६२९ मध्ये बटाव्हिया हे जहाज असंच गेलं.

दक्षिणेकडे हे वारे एवढे माजतात कारण ४० ते ६० अंशांच्या पट्ट्यात तिथे जमीन जवळजवळ नाहीच. दक्षिण अमेरिकेचं टोक, टास्मानिया, न्यूझीलंड, संपलं.

---

प्रश्नचिन्ह

@अक्षांश, पूर्वेकडे तोंड करून उभं राहिल्यावर लगेच पटलं. आता दिगंत, मूळ मुद्द्यावर या. मधलं चक्र नाही, तर मग तिथे आहे काय?

---

दिगंत

आहे ती गर्दी. लाटांची, आवर्तांची (कमी दाबाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांची), प्रत्यावर्तांची (जास्त दाबाभोवतीच्या).

हॅडलीच्या पट्ट्यात उष्णता उभ्या वळशाने वाहते: वर चढायचं, पुढे जायचं, खाली उतरायचं. ३० अंशांपलीकडे परिवलनाचा परिणाम इतका वाढतो की हवा दाबाच्या उतारावरून सरळ खाली जाऊच शकत नाही. ती समदाब रेषांना समांतर धावू लागते. बाइस बॅलट यांचा १८५७ चा नियम हाच आहे: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर कमी दाब डावीकडे. म्हणजे दक्षिणेला उष्ण हवा, उत्तरेला थंड हवा, आणि त्यांच्या मधून वारा पूर्वेकडे सुसाट पळतोय, दोघांची सरमिसळ न करता. दोन्हींमधला फरक वाढत जातो, साठत जातो.

अशी स्थिती टिकत नाही. १९४७ मध्ये ज्यूल चार्नी आणि १९४९ मध्ये एरिक ईडी यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की असा प्रवाह स्वतःहून हजारो किलोमीटर लांबीच्या लाटांत मोडतो. त्या लाटांत उबदार हवा ध्रुवाकडे सरकता सरकता तिरकी वर चढते, थंड हवा विषुववृत्ताकडे येता येता खाली घसरते. मधल्या अक्षांशांत पाऊस आणि थंडीच्या लाटा आणणारे आवर्त म्हणजे याच लाटा. उष्णता त्याच वाहून नेतात. दर चार-सहा दिवसांनी पालटणारी तिथली हवा हा नियमाला पडलेला खंड नव्हे. ध्रुवांना ऊब पोचवण्याचा तो मुख्य मार्ग आहे.

मग नकाशांच्या सरासरीत उलटं फिरणारं फेरेल चक्र दिसतं ते काय? उत्तर गोलार्धात या लाटांचे आस बहुतांशी नैर्ऋत्य-ईशान्य असे कललेले असतात. त्यामुळे ध्रुवाकडे जाणारी हवा पूर्वेकडचा वेग जास्त घेऊन जाते आणि विषुववृत्ताकडे येणारी कमी. वजाबाकी केली तर पूर्वाभिमुख संवेग सतत मधल्या अक्षांशांत येऊन पडतो. वरच्या थरांत तिथले पश्चिमी वारे त्याने जोर धरतात, आणि जोर धरलेला वारा उजवीकडे, म्हणजे विषुववृत्ताकडे कलतो. खाली जमिनीच्या घर्षणाने तेच वारे मंदावतात आणि कमी दाबाकडे, म्हणजे ध्रुवाकडे झुकतात. वर एकीकडे, खाली दुसरीकडे: सरासरीत एक वळसा उमटतो. पण तो लाटांनी चालवलेला आहे, आणि तो उष्णता उलट्या दिशेने नेतो, थंड बाजूकडून उष्ण बाजूकडे. स्वतःच्या बळावर असा वळसा फिरूच शकत नाही. लाटा बंद करा, फेरेल चक्र नाहीसं होईल.

हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्येच सांगितलं होतं की भोवऱ्यांशिवाय संवेगाचा ताळा बसत नाही. ते गांभीर्याने घ्यायला पुढे दोन दशकं लागली.

---

मेघदूत

याचा डोळ्यांनी बघता येणारा पुरावा आहे. १९५०च्या दशकात शिकागोत डेव्ह फुल्ट्झ यांनी गोल भांड्यात पाणी घेऊन कड तापवली, मध्यभाग थंड ठेवला आणि भांडं फिरवलं. कड म्हणजे विषुववृत्त, मध्य म्हणजे ध्रुव. हळू फिरवलं की पाण्यात एकच सुबक सममित वळसा. वेग वाढवला की तो मोडून नागमोडी प्रवाह आणि भोवरे, हुबेहूब वरच्या हवेच्या नकाशासारखे. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये रेमंड हाइड यांना असंच दिसलं. त्यांना खरं तर पृथ्वीच्या गाभ्याचा अभ्यास करायचा होता. १९५६ मध्ये नॉर्मन फिलिप्स यांनी संगणकावर दोनच थरांचं वातावरण चालवून पाहिलं, त्यातही लाटा उठल्या आणि पृष्ठभागावर पूर्वीय-पश्चिमी पट्टे आपोआप उमटले.

वरच्या जोरदार वाऱ्यांची पद्धतशीर नोंद मात्र त्याआधीची. जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून ती केली आणि अहवाल एस्परान्तो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. बाहेर फारसा कोणी तो वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकन विमानांना हे वारे आडवे आले तेव्हा सगळ्यांचं तिकडे लक्ष गेलं.

---

नक्षत्र

परिवलनाचा वेग बदलला की काय होतं ते बघायला दुसरे ग्रह आहेतच. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला पृथ्वीचे २४३ दिवस लागतात. तिथे हॅडलीसारखं चक्र ६० अक्षांशांच्या आसपास पोचतं. गुरू दहा तासांच्या आत फिरतो आणि त्याच्यावर पूर्व-पश्चिम वाऱ्यांचे कितीतरी पट्टे दिसतात. आपले तीन पट्टे हे २४ तासांच्या दिवसाचं देणं आहे.

---

पाटीपेन्सिल

मी भूगोल शिकवते, म्हणून त्या चित्राची बाजू घेते. तेरा वर्षांच्या मुलांपुढे कोनीय संवेग मांडता येत नाही. तीन वळशांचं चित्र त्यांना दाब पट्टे, वाऱ्यांच्या दिशा, वाळवंटांची जागा एका दमात देतं. नकाशावर बोट ठेवून मुलं सांगतात की इथे वाळवंट असणार, आणि ते असतं. हा आनंद त्या चित्रामुळेच मिळतो. अपुरं असेल, पण टाकाऊ म्हणता येणार नाही.

शिवाय चित्रातले पट्टे सलग, प्रत्यक्षातले तसे नाहीत, हेही सांगावं लागतं. उत्तर गोलार्धात खंडांमुळे त्यांचे तुकडे पडतात: अझोर्सचा जास्त दाब, आइसलँडचा कमी दाब, हिवाळ्यात सायबेरियाचा प्रचंड जास्त दाब. आशियाचा मान्सून तर सगळी मांडणीच फिरवतो. उन्हाळ्यात अभिसरण पट्टा (दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे जिथे एकत्र येतात तो) जमिनीवर उत्तरेकडे चढतो, दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात आणि उजवीकडे वळून नैर्ऋत्य वारे होतात. सोमालियाच्या किनाऱ्यालगत त्यांचा दीडेक किलोमीटर उंचीवरचा वेगवान झोतच बनतो.

---

दिगंत

पाटीपेन्सिल, टाकाऊ मीही म्हणत नाही, तुमचं पटतं. चित्र ठेवावं, फक्त मधल्या बंद वळशाच्या जागी नागमोडी रेघ आणि दोन-चार भोवरे काढावेत. मुलांना उपग्रहाच्या चित्रांत तेच दिसतं. आणि एकदा तरी सांगावं की हॅडलीचं चक्र ३,३०० किलोमीटर रुंद आणि जेमतेम १५ किलोमीटर उंच आहे. पुस्तकात ते गुबगुबीत काढावं लागतं. प्रमाणात काढलं तर रेघेच्या जाडीत मावेल.

तुमच्या अभिसरण पट्ट्याला एक जोड. वर्षाची सरासरी काढली तरी तो विषुववृत्तावर न राहता पाच-सहा अंश उत्तरेला असतो. महासागरातले प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे उष्णता ओलांडून नेतात आणि उत्तर गोलार्ध थोडा जास्त उबदार राहतो, हे त्यामागचं मोठं कारण.

---

सांजवेळ

एक वेगळाच प्रश्न. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याच्या विरुद्ध घासतात. मग पृथ्वी हळू व्हायला नको का?

---

अक्षांश

व्हायला हवी, आणि हा विचार हॅडली यांच्या १७३५ च्या निबंधातच आहे. त्यांचा निष्कर्ष: कुठेतरी पश्चिमेकडून वाहणारे वारे असलेच पाहिजेत, जे तेवढाच जोर परत देतील. उष्ण पट्ट्यात वारा पृथ्वीकडून संवेग उचलतो, लाटा तो मधल्या अक्षांशांत पोचवतात, तिथले पश्चिमी वारे समुद्र, जमीन आणि डोंगर यांच्यावर घासून तो परत करतात. सबंध पृथ्वीवर वारे एकाच दिशेने का वाहू शकत नाहीत त्याचं हे उत्तर.

हिशेब वर्षभरात जुळतो, रोजच्या रोज नाही. उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात पश्चिमी वारे जोरात असतात, हवेकडे संवेग जास्त असतो, तेवढा पृथ्वीचा कमी होतो आणि दिवस लांबतो. हा फरक मिलिसेकंदाच्या आसपासचा असतो आणि तो मोजला जातो. १९८२-८३ च्या तीव्र एल निनोच्या (पॅसिफिकचं विषुववृत्तालगतचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या) काळातही दिवस असाच किंचित लांबला होता.

---

मेघदूत

तापमानवाढीने हे पट्टे सरकतायत का, हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून लिहितो. १९८०च्या आसपासपासूनच्या निरीक्षणांत हॅडलीच्या पट्ट्याची कड ध्रुवांकडे सरकलेली दिसते. कडेवरच्या कोरड्या प्रदेशांसाठी ही गंभीर गोष्ट आहे. भूमध्य सागराभोवती किंवा ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाला हिवाळी पाऊस आणणाऱ्या लाटांची वाट थोडी जरी सरकली तरी शेती आणि धरणं दोन्हींवर ताण येतो.

दक्षिण गोलार्धात मात्र ओझोनच्या विवराचाही हात होता. अंटार्क्टिकावर ओझोन घटला, स्थितांबर (तपस्तब्धीच्या वरचा थर) थंड झालं आणि उन्हाळ्यातला जेट प्रवाह ध्रुवाकडे ओढला गेला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोन नाशक वायू कमी होत गेले आणि साधारण २००० सालापासून तिथलं सरकणं थांबल्याचं दिसलं.

---

दिगंत

@मेघदूत, ही भर फार महत्त्वाची. तिथे आता दोन ओढी एकमेकांविरुद्ध आहेत: ओझोन भरत जाईल तसा उन्हाळी जेट विषुववृत्ताकडे परतू पाहतो, हरितगृह वायू त्याला ध्रुवाकडे ढकलतात. पुढच्या दशकांत दक्षिणेकडच्या पश्चिमी वाऱ्यांची जागा या दोन्हींच्या बेरीज-वजाबाकीवर ठरेल, आणि उत्सर्जन किती होतं यावर त्यातली दुसरी ओढ.